लावणे आणि लागणे

तिसरीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी उभा होता आणि त्याच्या मुठीत चार घड्या घातलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीत त्याच्या वर्गशिक्षिकांनी एकच ओळ लिहिली होती: ‘याला कृपया शिस्त लावावी.’ त्याने ती वाटेत उघडून वाचली असणार, कारण चिठ्ठी माझ्या हातात देताच त्याने विचारले, “ताई, शिस्त लागायला किती वेळ लागतो?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. मधली सुट्टी संपायला दहा मिनिटे उरली होती आणि तेवढ्या वेळात हे काम उरकेल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

मी त्याला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. पण शिक्षिकांनी लिहिलेले ‘लावावी’ आणि मुलाने म्हटलेले ‘लागायला’ हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या मनात आहेत. प्राथमिक शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना यांतले पहिले रूप मी रोज ऐकते. शिस्त लावा, वळण लावा, सवय लावा, अभ्यासाला लावा. या वाक्यांचा कर्ता मोठा माणूस असतो आणि मूल म्हणजे ज्याच्यावर काहीतरी लावायचे ती जागा. मराठीत याच क्रियापदाचे दुसरे रूपही तितकेच रुळलेले आहे: सवय लागते, गोडी लागते, ओढ लागते, वळण लागते. त्या वाक्यांत मोठा माणूस कुठे दिसत नाही. तो आधी तिथे होता, बराच काळ होता आणि मग हळूहळू बाजूला झाला, हे त्या वाक्यात गृहीत असते. माझे सारे काम या दोन रूपांच्या मधल्या वाटेवर चालते आणि ती वाट किती लांब आहे, तिच्यावर मोठ्या माणसाने नेमके काय करायचे असते, हे मला या मुलाने जितके शिकवले तितके कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नाही.

त्याच्याबद्दलच्या तक्रारी अशा होत्या: वही फाडतो, बाकावर मुठी आपटतो, शेजारच्याला ढकलतो, थांब म्हटले की थांबत नाही. अशी तक्रार आली की मी आधी अगदी साध्या गोष्टींची चौकशी करते. मुलाला नीट ऐकू येते का, फळ्यावरचे दिसते का, रात्री किती वाजता झोपते, सकाळी काही खाऊन येते का, वाचताना अक्षरांची उलटापालट होते का, घरात अलीकडे कोणी आजारी आहे का किंवा कोणी घर सोडून गेले आहे का. ‘सांगितलेले ऐकत नाही’ म्हणून पाठवलेल्या मुलाला एका कानाने खरोखरच कमी ऐकू येत होते, असा प्रसंग मी पाहिला आहे. त्या मुलाने दोन वर्षे न ऐकलेल्या सूचनांची शिक्षा भोगली होती. म्हणून स्वभावावर बोट ठेवण्यापूर्वी शरीराची आणि परिस्थितीची विचारपूस पूर्ण झाली पाहिजे, यावर मी आता अडून बसते, मग त्यात दोन आठवडे गेले तरी चालतील.

या मुलाच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. मग मी गणिताच्या तासाला त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. वजाबाकी चालू होती. त्याने एक आकडा चुकीचा लिहिला, खोडरबर काढले आणि खोडायला सुरुवात केली. आकडा पुसला गेला तरी तो खोडत राहिला. कागदाचा तेवढा भाग आधी करडा झाला, मग लव निघाल्यासारखा मऊ झाला आणि शेवटी तिथे लहानसे भोक पडले. त्या भोकाकडे तो क्षणभर पाहत राहिला. मग त्याने पान फाडले, पानाचा बोळा केला आणि नेमके त्याच वेळी शेजारच्या मुलाने “काय झालं रे?” म्हणून वाकून पाहिले, तेव्हा त्याला कोपराने ढकलले. शिक्षिकांनी मान वर केली तेव्हा त्यांना दिसले ते फक्त ढकलणे. त्याच्या वहीची शिवण मी नंतर तपासली. अकरा पाने गेलेली होती.

हा मुलगा बेशिस्त नव्हता. चूक झाली की छातीत जी कालवाकालव होते तिचे काय करायचे, हे त्याला माहीत नव्हते, आणि आठव्या वर्षी ते माहीत असावे अशी अपेक्षा करणेही फारसे न्याय्य नाही. आवेग रोखणे, लक्ष वळवणे आणि पुढचे पाऊल ठरवणे या कामांत मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. प्राथमिक शाळेतल्या मुलाकडे ही क्षमता मुळीच नसते असे नव्हे. ती कोवळी असते, भुकेने, झोपेने आणि लाजेने लगेच कोलमडते, आणि शेजारी शांत मोठा माणूस असेल तर आश्चर्य वाटावे इतकी टिकते. ही शेवटची गोष्ट मला फार उशिरा कळली.

सुरुवातीच्या काळात मी वेगळ्या वाटेने जात होते. दर महिन्याला एक सद्गुण घ्यायचा, त्याची गोष्ट सांगायची, मुलांकडून घोषवाक्ये लिहून घ्यायची आणि भिंतीवर लावायची, असा माझा क्रम होता. मुले उत्तरे अचूक देत. प्रामाणिकपणाच्या महिन्यात एका वर्गात इतकी सुंदर चर्चा झाली की मी भारावून बाहेर पडले, आणि त्याच आठवड्यात त्याच वर्गातून तीन कंपासपेट्यांतले सामान नाहीसे झाले. मला मुलांचा राग आला नाही, पण आपण जे शिकवतो आहोत ते नेमके कुठे जाऊन बसते, हा प्रश्न पडला.

पुढे वाचनात आले की हा प्रश्न फार जुना आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या अमेरिकन संशोधकांनी १९२०च्या दशकात दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केले. मुलांना कोणाच्या लक्षात न येता फसवणूक करता येईल असे प्रसंग त्यांनी उभे केले होते: स्वतःचा पेपर स्वतः तपासणे, खेळातले गुण स्वतः नोंदवणे, घरी करायची चाचणी. एका प्रसंगात प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगातही तसेच राहील, असे फारसे सांगता येत नव्हते. आणि प्रामाणिकपणाचे धडे मिळाले म्हणून मुले अधिक प्रामाणिक वागली, असेही दिसले नाही. काहींनी यावरून चारित्र्य नावाची गोष्टच नसते असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. मला त्यातून एवढेच समजते की चारित्र्य शब्दांच्या रूपाने मुलात उतरत नाही. ते प्रसंगाप्रसंगाने, एकेका जागी, पुन्हा पुन्हा वागून साठत जाते, आणि एका जागी साठलेले दुसऱ्या जागी नेण्यासाठी मुलाला मदत लागते. मी भिंतीवरची घोषवाक्ये काढली आणि वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसू लागले.

त्या मुलाबरोबर आम्ही गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला बसायचे ठरवले. पहिल्या दिवशी मी त्याला काहीही करायला सांगितले नाही. मी एक वही उघडली, वजाबाकी लिहिली आणि मुद्दाम एक आकडा चुकवला. मग मोठ्याने म्हणाले, “अरे, चुकलं. हात गरम झालाय माझा. थांबते जरा. एकच आकडा चुकलाय, पान चांगलं आहे. त्यावर एक आडवी रेघ मारते आणि बाजूला बरोबर आकडा लिहिते.” आणि तसेच केले. तो माझ्याकडे पाहत नव्हता, आकड्यावर मारलेल्या त्या रेघेकडे पाहत होता. खोडरबराशिवायही चूक मिटवता येते, तिला झाकून न टाकता पुढे जाता येते, हे त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिले.

ही पद्धत माझी नाही. डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांसाठी ती मांडली. आधी मोठा माणूस काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतो, मग मूल तेच काम करते आणि मोठा माणूस शब्द पुरवतो, मग मूल स्वतः मोठ्याने बोलत करते, मग कुजबुजत, आणि शेवटी मनातल्या मनात. त्यामागे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांचा विचार आहे, की मूल आधी दुसऱ्याच्या शब्दांनी आवरले जाते, मग तेच शब्द स्वतःला मोठ्याने ऐकवते आणि अखेर ते शब्द आत मुरून त्याचा विचार बनतात. ‘लावणे’ आणि ‘लागणे’ यांच्या मधल्या वाटेचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. पण एक गोष्ट नमूद केली पाहिजे: समुपदेशकाच्या खोलीत जमलेले हे बोलणे वर्गात आपोआप जात नाही, असे नंतरच्या अनुभवाने आणि अभ्यासांनी अनेकदा दाखवले आहे. खोलीत शांतता असते, एकच मोठा माणूस असतो आणि तो पूर्णपणे तुमचा असतो. वर्गात यांतले काहीच नसते. त्यामुळे शिक्षिकांना बरोबर घेतल्याशिवाय हे काम होत नाही.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात त्याच्या वर्गशिक्षिका मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “ताई, तो हल्ली गणित सोडवताना पुटपुटतो. बाकीची मुलं बघतात. गप्प बसवू का त्याला?” मी त्यांचा हातच धरला. म्हटले, कृपा करून गप्प बसवू नका, तो स्वतःलाच आवरतो आहे. त्यांनी ऐकले, एवढेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित सोडवताना त्या स्वतः एक आकडा चुकल्या तेव्हा त्यांनी तो डस्टरने पुसला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, बाजूला बरोबर आकडा लिहिला आणि पुढे गेल्या. त्या रेघेचे त्या मुलाला काय वाटले असेल याची मी आजही कल्पना करते. ज्या शिक्षिकेने ‘शिस्त लावावी’ अशी चिठ्ठी पाठवली होती तिच्याकडून इतके मोठे सहकार्य मला नंतर क्वचितच मिळाले.

आणि याच टप्प्यावर माझ्या हातून चूक झाली.

एका गुरुवारी मला अचानक एका बैठकीला बोलावले गेले आणि मी गेले. मुलाला निरोप द्यायचे राहिले. राहिले असे म्हणणेही पुरते खरे नाही; मला आठवण झाली होती, पण एक तास बुडाला तर काय बिघडते, असे मला वाटले. मी परत आले तेव्हा शाळा सुटायला आली होती आणि शिपाईमामांनी सांगितले की तो मुलगा पूर्ण तास दाराबाहेर उभा होता. त्यांनी त्याला दोनदा वर्गात जायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला होता, “ताई येणारेत.” पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या वहीतली आणखी चार पाने गेली, आणि फळ्याजवळ एका मुलाशी त्याची मारामारीही झाली.

लहान मुलांच्या संयमाबद्दल बोलताना एका प्रयोगाचा उल्लेख नेहमी होतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये तो सुरू केला. मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचे की मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यातही यशस्वी झाली, अशा रूपात तो घरोघरी पोहोचला. ही गोष्ट सांगताना दोन गोष्टी सहसा गळतात. पहिली म्हणजे, २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो बराच क्षीण निघाला आणि मुलाची घरची परिस्थिती व सुरुवातीची आकलनक्षमता लक्षात घेतल्यावर त्यातले फारसे काही उरले नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठ्ठावीस मुलांवर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. संशोधकाने आधी मुलांना सांगितले की थोडे थांबा, मी चित्रकलेचे चांगले साहित्य आणतो. निम्म्या मुलांना ते खरोखर मिळाले. उरलेल्या निम्म्यांना ‘माफ करा, ते नाहीच आहे’ असे ऐकावे लागले. त्यानंतर गोड पदार्थाची परीक्षा झाली. ज्यांना शब्द पाळला गेल्याचा अनुभव होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला गेला होता ती तीन मिनिटे.

मूल थांबते तेव्हा आपण त्याच्या मनाच्या ताकदीचे कौतुक करतो. त्या ताकदीखाली एक विश्वास असतो, की थांबण्याला अर्थ आहे, सांगणारा माणूस परत येतो. ज्या घरात, ज्या शाळेत सांगितलेले घडत नाही तिथे मूल समोर आले ते लगेच उचलते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते शहाणपणाचेच असते. त्या गुरुवारी माझ्या दाराबाहेर तो मुलगा पूर्ण एक तास उभा होता. एवढा संयम मी त्याच्याकडे कधी मागितलाही नसता. त्याने तो दाखवला आणि मी तो वाया घालवला.

मी त्याच्या वर्गात गेले, त्याच्या बाकाशेजारी गुडघ्यांवर बसले आणि माफी मागितली. माफी मागताना ‘पण’ हा शब्द येऊ द्यायचा नाही, हे मी त्या दिवशी ठरवले आणि अजून पाळते. ‘मी येणार म्हणाले होते आणि आले नाही. तुला निरोपही दिला नाही. ती माझी चूक होती.’ तो काही बोलला नाही. खोडरबराच्या कडेचा चुरा नखाने काढत राहिला. मी त्याला सांगितले की येत्या गुरुवारी मी खोलीत असेन, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. तो आला नाही. मी बसून राहिले. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो दारातून डोकावला आणि गेला. तिसऱ्या गुरुवारी आत आला, वही उघडली आणि जणू काही झालेच नव्हते अशा रीतीने म्हणाला, “आज भागाकार.” पूर्वीच्या जागी यायला मात्र आम्हाला जवळजवळ सारे सत्र लागले.

तेव्हापासून माझ्या खोलीत एक मोठी दिनदर्शिका आहे. कोणत्या मुलाचा कोणता वार, हे तिच्यावर मूल स्वतःच्या हाताने लिहिते, आणि मला रजा घ्यायची असेल तर मी आधी सांगून त्याच्याकडूनच तो वार बदलून घेते. शाळेत मला विचारले गेले आहे की इतक्या लहान मुलांसाठी एवढा काटेकोरपणा कशाला. मुलांची संख्या पाहता तो सोपाही नाही. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते, आणि ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की २५० हा आकडाही किती मोठा आहे. तरीसुद्धा मी मुले कमी घेईन, शब्द कमी देईन, पण दिलेला शब्द पाळीन, या निर्णयावर मी ठाम आहे.

बक्षिसांबद्दल मला नेहमी विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगते. तारे, शिक्के, तक्ते मी पूर्ण टाकून दिलेले नाहीत. ज्या मुलाला कधीच कौतुक मिळालेले नाही त्याला सुरुवातीला ते आधार देतात. पण १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी, योगायोगाने त्याच बिंग नर्सरी स्कूलमध्ये, जे दाखवले ते मी विसरत नाही: चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांना ‘काढलीस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, तेव्हा पुढे मोकळ्या वेळात ती मुले चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळाले त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणून तक्ता वापरलाच तर तो मूल स्वतः भरते, मी भरत नाही, आणि काही आठवड्यांत तो भिंतीवरून उतरतो.

चारित्र्याची बाजू मला एका दुसरीतल्या मुलीने दाखवली. तिने वर्गमैत्रिणीचे टोकयंत्र घेतले होते, पारदर्शक, ज्यात पेन्सिलीची सालपटे साठताना दिसतात असे. कोणी तिच्यावर संशय घेतला नव्हता. ती स्वतःच माझ्याकडे आली, दार लावून घेतले आणि विचारले, “ताई, मी चोर आहे का?” पहिल्या भेटीत प्रत्येक मुलाला मी सांगते की इथले बोलणे इथेच राहील, मात्र तुला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याची भीती असेल तर मला मोठ्यांना सांगावेच लागेल. ही मर्यादा आधी सांगितली म्हणून मुले कमी बोलतात, असा माझा अनुभव नाही. तिने मूठ उघडली. टोकयंत्र तिने इतके घट्ट धरले होते की तळहातावर त्याच्या कडेचा चौकोन उमटला होता.

‘तू चोर नाहीस’ असे पटकन म्हणून मोकळे व्हावे, असे वाटण्याचा तो क्षण होता. तसे म्हटले असते तर तिला तात्पुरते बरे वाटले असते आणि केलेली गोष्ट तशीच राहिली असती. मी म्हटले, “तू एक वस्तू न विचारता घेतलीस. ती अजून तुझ्याजवळ आहे. आता काय करता येईल?” तिने बराच विचार केला. गुपचूप दप्तरात टाकावे, असे तिचे पहिले उत्तर होते. त्यानंतर काय होईल, हे मी विचारत गेले आणि ती सांगत गेली, आणि अखेर तिच्याच लक्षात आले की तसे केले तर तिच्या पोटातली भीती तशीच राहणार. मग आम्ही वाक्य तयार केले. लहानच हवे होते, कारण घाबरलेल्या मुलाला लांब वाक्य आठवत नाही. “हे मी घेतलं होतं. माझं चुकलं. हे घे.” ती ते चार वेळा माझ्यासमोर म्हणाली. चौथ्या वेळी तिचा आवाज नीट बाहेर आला.

तिने टोकयंत्र परत केले. मैत्रीण “बरं” म्हणाली आणि नंतर तीन दिवस तिच्याशी खेळली नाही. मुलगी माझ्याकडे परत आली ती रागावून: “मी खरं बोलले ना, मग ती का रुसली?” मला वाटते, त्या आठवड्यातले खरे शिक्षण इथे होते. खरे बोलणे ही सौद्यातली वस्तू नाही, त्याबदल्यात क्षमा मागून घेता येत नाही, रुसायचे किती दिवस हे ज्याचे दुखावले आहे त्याने ठरवायचे, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलीला कशी सांगावी हे मला सुचेना. मी तिला विचारले की तुझे आवडते काही कोणी घेतले असते, तर तुला किती दिवस लागले असते. ती बोटांवर मोजू लागली आणि दोन्ही हात संपले. मग म्हणाली, “मग तिला अजून वेळ आहे.” ती उरलेले दिवस थांबली. कोणीही तिच्यासमोर गोड पदार्थ ठेवला नव्हता.

पालकांशी बोलताना मी एका मोठ्या अभ्यासाचा उल्लेख करायचे टाळत असे आणि आता जपून करते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, तीन ते अकरा या वयात ज्यांचा आत्मसंयम कमी होता त्यांना बत्तिसाव्या वर्षी आरोग्याच्या आणि पैशांच्या अडचणी अधिक होत्या. हे ऐकून आईवडील घाबरतात, घरी जाऊन मुलावर आणखी ओरडतात, आणि “शांत हो!” ही ओरडून दिलेली आज्ञा मुलाला फक्त ओरडायला शिकवते. म्हणून मी त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आधी सांगते: बालपण ते तारुण्य या काळात ज्यांचा आत्मसंयम वाढला त्यांचे पुढचे चित्र अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. ही क्षमता जन्मतः मोजून दिलेली नसते. ती वाढते, आणि वाढताना तिला शेजारी कोणीतरी लागते, जो चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून पुढे जातो.

तो मुलगा आता चौथीत आहे. गुरुवार आम्ही महिन्यातून एकदाच ठेवला आहे. गेल्या वेळी मी त्याला सांगितले की पुढच्या महिन्यातल्या आपल्या गुरुवारी मी रजेवर आहे. त्याने खुर्ची दिनदर्शिकेखाली ओढली, तिच्यावर चढला आणि त्या तारखेवर एक आडवी रेघ मारली. शुक्रवारच्या चौकोनात स्वतःचे नाव लिहायला घेतले, दुसरे अक्षर चुकले, ओठ किंचित हलले, त्या अक्षरावरही रेघ मारली आणि उरलेले नाव पूर्ण केले. मग खाली उतरून, खुर्ची जागेवर ठेवून, तो वर्गात गेला.